छत्रपती शाहूंनी ज्याला जहागीर आणि पालखी दिली, तो खंड्या कुत्रा : मोठ्या जातीचं पिल्लू घरी आणण्याआधी ही गोष्ट वाचाच

साताऱ्याहून पूर्वेकडं निघालं की थोड्याच अंतरावर कृष्णा आणि वेण्णा या नद्यांचा संगम लागतो. गावाचं नाव संगम माहुली. घाट, दगडी मंदिरं आणि राजघराण्यातल्या समाध्या यासाठी हे गाव ओळखलं जातं. या समाध्यांच्या सोबतीला एक चौथरा आहे आणि त्यावर दगडात कोरलेला एक कुत्रा बसलेला आहे.

ही समाधी खंड्याची. साताऱ्याच्या गादीवर बसलेल्या छत्रपती शाहू महाराजांचा हा लाडका शिकारी कुत्रा.

सोशल मीडियावर या समाधीचे फोटो अधूनमधून फिरत असतात. फोटोखाली एकदोन ओळी असतात आणि त्यात बऱ्याचदा कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचं नाव घातलेलं असतं. तो घोळ आधी मिटवू. राजर्षी शाहू महाराज जन्मले १८७४ साली. खंड्याचे धनी त्यांच्या सुमारे दोनशे वर्षं आधीचे. शिवाजी महाराजांचे नातू, संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे चिरंजीव. इतिहासात त्यांना थोरले शाहू महाराज म्हणतात.

ज्या राजाच्या काळात मराठी घोडी दिल्लीच्या वेशीपर्यंत पोचली, त्या राजाने एका कुत्र्याला जहागीर का दिली? पालखीचा मान का दिला? आणि आज आटपाडी, माण, जत भागातून कारवानचं पिल्लू आणायला निघालेल्या माणसाने यातून काय घ्यायचं?

सातव्या वर्षी कैद

शाहू महाराजांचा जन्म १८ मे १६८२ चा, माणगावजवळच्या गांगवलीचा. नाव ठेवलं होतं शिवाजी. ते सात वर्षांचे होण्याआधीच संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी, म्हणजे १६८९ च्या नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि येसूबाईंसोबत हा मुलगा औरंगजेबाच्या छावणीत गेला.

पुढची साडेसतरा वर्षं छावणीतली. औरंगजेबाची छावणी म्हणजे एक चालतंफिरतं शहर होतं. बादशहा ज्या किल्ल्याला वेढा घालेल तिथं ते शहर जायचं आणि त्यासोबत हे मायलेकही जायचे. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने त्यांना आपुलकीने वागवलं. शाहू हे नाव औरंगजेबानेच दिलं असं सांगतात.

बादशहाच्या मनात या मुलाचं धर्मांतर करण्याचा विचार आला, तेव्हा त्याच्या जागी प्रतापराव गुजरांच्या मुलांनी, खंडेराव आणि जगजीवन यांनी, धर्म बदलला. हे झालं १७०३ साली. शाहू महाराज हे उपकार कधी विसरले नाहीत. गादीवर आल्यावर त्यांनी गुजर बंधूंची सोय लावून दिली. ज्याने आपल्यासाठी काही केलं त्याच्या पोटापाण्याची कायमची व्यवस्था करायची, ही त्यांची रीत पुढं अनेकदा दिसते. खंड्याच्या बाबतीतही हेच झालं.

सुटका आणि राज्य

१७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ वारला. त्याचा मुलगा आझमशहा दिल्लीच्या गादीसाठी उत्तरेकडं निघाला आणि वाटेत भोपाळजवळ त्याने शाहूंना सोडलं. येसूबाईंना मात्र ओलीस ठेवलं.

दक्षिणेत येताना वाटेत पारद नावाच्या गावाने विरोध केला. लढाई झाली, गावचा पाटील पडला. त्याच्या बायकोने आपलं तान्हं पोर शाहूंच्या पायावर आणून घातलं. शाहूंनी त्या पोराला उचललं, फत्तेसिंह असं नाव दिलं आणि मुलासारखं वाढवलं. अक्कलकोटच्या भोसले राजघराण्याचा मूळ पुरुष तो हाच.

इकडं राजारामांच्या पत्नी ताराबाई आपल्या मुलाच्या नावाने कारभार पाहत होत्या आणि शाहूंचा हक्क त्यांना मान्य नव्हता. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला गाठ पडली. सेनापती धनाजी जाधव शाहूंच्या बाजूला आले आणि वारं फिरलं. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहूंना राज्याभिषेक झाला.

पुढची पाचसहा वर्षं कठीण गेली. मग बाळाजी विश्वनाथ भट नावाचा एक हुशार कारभारी पुढं आला. १७१३ मध्ये शाहूंनी त्याला पेशवा केलं. त्याच बाळाजीने १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या आणि येसूबाईंनाही सोडवून आणलं. बारा वर्षांनी मायलेकांची भेट झाली. १७२० मध्ये बाळाजी वारल्यावर दरबारातल्या जुन्या मंडळींचा विरोध असतानाही शाहूंनी वीस वर्षांच्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं दिली.

स्वतः शाहू महाराज फारशा लढायांवर गेले नाहीत. माणूस ओळखायचा, त्याच्यावर काम सोपवायचं आणि भांडणं झाली की दोघांना बसवून मिटवायची, हा त्यांचा कारभार. अजिंक्यतारा किल्ला सोडून ते खाली राहायला आले आणि किल्ल्याच्या पायथ्याला शाहूनगर वसलं. आजचं सातारा शहर ते हेच.

माणदेश, प्रतिनिधी आणि आटपाडी

शाहूंच्या दरबारात पेशव्यांच्या तोडीचा आणखी एक माणूस होता, पंतप्रतिनिधी. परशुराम त्रिंबक आणि त्यांच्यानंतर श्रीपतराव यांनी हे पद सांभाळलं. या घराण्याकडं साताऱ्याच्या पूर्वेचा मोठा दुष्काळी मुलूख आला. पुढं त्याचंच औंध संस्थान झालं आणि आटपाडी हा त्या संस्थानातला महत्त्वाचा महाल होता. आज आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे, पण तिचा जुना धागा साताऱ्याच्या गादीशी असा जोडलेला आहे.

माणगंगेच्या काठचा हा मुलूख म्हणजे माणदेश. पाऊस कमी, माळरानं जास्त. खिलार जनावरं आणि मेंढरं यांच्यावर इथली माणसं जगली. खिलार बैलांच्या एका प्रकाराला आटपाडी महाल हेच नाव आहे, आणि याच तालुक्यातल्या खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. अलीकडं आटपाडीची ओळख डाळिंबासाठी झाली.

मेंढरं म्हटली की लांडगा आला, आणि लांडगा म्हटला की कुत्रा आला. मेंढरांचा वाडा माळावर बसतो तेव्हा राखणीला कुत्रा लागतोच. त्यामुळं माणदेशात कुत्रा हा शोभेचा कधीच नव्हता. तो घरातला कामकरी गडी होता. शाहूंच्या राज्याची माती अशी होती.

शिकारखाना

जुन्या मराठी राज्यव्यवस्थेत अठरा कारखाने असत. कारखाना म्हणजे सरकारी खातं. हत्तींसाठी पीलखाना, उंटांसाठी उष्टरखाना, तोफांसाठी तोफखाना, आणि शिकारीसाठी शिकारखाना. शिकारीची जनावरं, पक्षी आणि ती सांभाळणारी माणसं या खात्यात येत. प्रत्येक कारखान्याला कारभारी असे आणि खर्चाचा हिशेब दफ्तरात लिहिला जाई.

शाहू महाराजांना शिकारीचा भारी नाद. मोकळ्या हवेत फिरणं, चांगली घोडी, चांगले कुत्रे, पक्षी, बागा हे त्यांचे आवडीचे विषय. बालपण आणि तारुण्य पहाऱ्यात काढलेल्या माणसाला उघड्या रानाची ओढ असणं समजण्यासारखं आहे. साताऱ्याच्या आजूबाजूला तेव्हा दाट रानं होती आणि त्यात वाघही होते.

वाघाच्या रानात जायचं तर कुत्रा चपळ असून भागत नाही. त्याने गोंधळाच्या ठिकाणी धन्याच्या शब्दावर थांबायला हवं, पळायला हवं, परत यायला हवं. हत्तीला, बंदुकीच्या बाराला आणि माणसांच्या आरड्याओरड्याला बुजून चालत नाही. असा कुत्रा आयता मिळत नाही. पिल्लू असल्यापासून कुणीतरी रोज त्याच्यासोबत वेळ घालवलेला असतो.

खंड्या

अशाच एका शिकारीत वाघाने शाहू महाराजांना गाठलं आणि कुत्र्यामुळं त्यांचा जीव वाचला. साताऱ्याच्या परंपरेत या कुत्र्याचं नाव खंड्या.

शाहूंनी त्यानंतर जे केलं ते त्या काळातही लोकांना चकित करणारं होतं. त्यांनी सनद काढून कुत्र्याला जहागीर दिली. पालखीचा मान दिला. त्या काळी पालखी म्हणजे कुणीही उठून बसावं असं वाहन नव्हतं. तो मान छत्रपती देत, आणि त्यासोबत पालखीच्या खर्चाची नेमणूकही देत. भल्या भल्या सरदारांची त्यासाठी वाट पाहण्यात वर्षं जात. तो मान एका कुत्र्याला मिळाला, आणि पालखीचा सगळा लवाजमा खरोखर ठेवला गेला.

दुसरी गोष्ट पागोट्याची. दोन मराठा सरदार भर दरबारात भेटीला यायचे होते. शाहूंनी कुत्र्याला जरीचं वस्त्र चढवलं, अंगावर दागिने घातले आणि स्वतःचं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवलं. त्यानंतर त्यांनी स्वतः डोक्याला काही घातलं नाही, असं सांगतात.

ही हकीकत इंग्रजीत लिहून ठेवली जेम्स ग्रँट डफ याने. हा १८१८ नंतर साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापून आला. त्याने या प्रसंगांकडं राजाच्या बुद्धीचा तोल गेल्याचं लक्षण म्हणून पाहिलं.

साताऱ्यात मात्र हीच गोष्ट वेगळ्या अंगाने सांगतात. सरदारांना दागदागिन्यांचा आणि भपक्याचा फार गर्व चढला होता. दरबारात आले आणि बघतात तर कुत्राही तितकाच नटलेला. जे सांगायचं ते राजाने एक शब्द न बोलता सांगितलं.

यातलं खरं कोणतं? जहागीर, पालखी आणि पागोटं या तिन्ही गोष्टी दोन्हीकडं सारख्याच आहेत, फरक आहे तो अर्थ लावण्यात. त्यासाठी शाहूंच्या बाकीच्या आयुष्याकडं पाहावं लागतं. गुजर बंधूंची सोय त्यांनी लावली, पारदच्या पोराला राजा केलं, ज्या ताराबाईंशी लढाई झाली त्यांनाही पुढं साताऱ्यात मानाने ठेवलं. उपकाराची परतफेड कायमच्या नेमणुकीने करणारा हा माणूस होता. जीव वाचवणाऱ्या कुत्र्यालाही त्याने तोच नियम लावला. जहागीर म्हणजे दरवर्षी येणारं उत्पन्न. धन्याची मर्जी फिरली, धनी मोहिमेवर गेला किंवा वारला, तरी कुत्र्याच्या खाण्यापिण्याची आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसांच्या पगाराची सोय झालेली होती.

शेवटची वर्षं

शाहूंचा उत्तरकाळ सुखाचा गेला नाही. त्यांच्या जिवाभावाच्या विरूबाई १७४० मध्ये गेल्या. त्याच वर्षी बाजीरावही गेला. राण्यांची भांडणं, मागं वारस नाही, त्यात आजारपण. १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात त्यांनी देह ठेवला. थोरल्या राणी सकवारबाई सती गेल्या. बेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीत राज्य सह्याद्रीतून निघून माळवा, गुजरात, बुंदेलखंडापर्यंत पसरलं होतं.

माहुलीच्या संगमावर राजाची समाधी आहे आणि खंड्याचीही. धनी आणि कुत्रा एकाच संगमावर विसावलेले आहेत.

खंड्या कारवान होता का?

आजकाल खंड्याला सर्रास कारवान किंवा मुधोळ म्हटलं जातं. इथं थोडं थांबायला हवं. कुत्र्याची जात ठरवून तिची नोंदवही ठेवायची पद्धत लंडनच्या केनेल क्लबपासून, म्हणजे १८७३ पासून रुळली. शाहूंच्या काळात कुत्रा ओळखला जायचा तो कामावरून: शिकारीचा, राखणीचा, मेंढरांचा.

मुधोळ हे नाव आलं मुधोळ संस्थानावरून. आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात असलेलं हे संस्थान घोरपडे या मराठा घराण्याचं. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत स्थानिक शिकारी कुत्र्यांची पैदास नीट हाती घेतली आणि इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज याला एक जोडी भेट दिली. त्या जोडीमुळं मुधोळ हाउंड हे नाव झालं. महाराष्ट्रात त्याच घडणीच्या कुत्र्याला कारवान म्हणतात. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. २०१६ मध्ये लष्कराने मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. २०२० मध्ये पंतप्रधानांनी मन की बातमध्ये नाव घेतल्यावर तर मागणी आणखी वाढली.

आणि खरा प्रश्न इथंच सुरू होतो. रीलमध्ये वाऱ्यासारखा पळणारा कारवान बघून लोक पिल्लू आणतात. सहा महिन्यांत ते पिल्लू कमरेएवढं होतं, कुंपणावरून उडी मारतं, मांजर दिसली की हातातली दोरी हिसकावून पळतं. मग त्याला साखळीला बांधलं जातं, नाहीतर कुठल्यातरी हायवेवर सोडून दिलं जातं. खंड्याला जहागीर मिळाली होती. निदान पुढच्या बारा-तेरा वर्षांची सोय आपल्याकडं आहे का, हे पिल्लू आणायच्या आधी बघायला हवं.

पिल्लू आणण्याआधी

मोठं झालेलं कारवान खांद्यापाशी साधारण दोन ते सव्वादोन फूट उंच होतं आणि वजन वीस ते तीस किलोच्या दरम्यान भरतं. त्यामुळं पहिला प्रश्न जागेचा. आटपाडीसारख्या ठिकाणी डाळिंबाची बाग किंवा वस्ती असेल तर जागा आहे, पण तिथंही पाचसहा फूट उंचीचं पक्कं कुंपण लागतं. शहरातल्या फ्लॅटमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ फिरवून आणणारा माणूस ठरलेला हवा.

पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळ राहू द्यावं. आईशी आणि भावंडांशी खेळतानाच ते किती जोरात चावायचं हे शिकतं. जमलं तर पिल्लाची आई बघून घ्यावी. आई बुजरी किंवा अंगावर येणारी असेल तर दोनदा विचार करावा.

सामान फार लागत नाही, पण योग्य लागतं. कारवानचं डोकं अरुंद आणि मान लांब असते, त्यामुळं साधा पट्टा मागे ओढल्यावर डोक्यावरून निघून जातो. थोडा रुंद आणि ओढल्यावर मर्यादेपर्यंतच आवळणारा पट्टा, किंवा छातीवरून बसणारा हार्नेस घ्यावा. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर आठवड्याला तपासावा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. अंगावर चरबी आणि केस कमी असल्यामुळं नुसत्या फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, म्हणून जाड गोधडी किंवा गादी हवी. दोन जड भांडी, चावायला रबरी खेळणी आणि उन्हाळ्यात पक्की सावली. आटपाडीत उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेलं कुत्रं उष्माघाताने जाऊ शकतं.

खाणं

मोठ्या जातीच्या पिल्लाच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका खाण्यात होतात, आणि त्यातली अर्धी उपाशी ठेवल्याने तर अर्धी जास्त खाऊ घातल्याने होते.

नुसती भाकरी आणि दूध हे पिल्लाचं पूर्ण अन्न नाही. त्यात वाढीला लागणारी प्रथिनं कमी पडतात आणि अनेक कुत्र्यांना आईचं दूध सुटल्यावर इतर दूध पचत नाही, हगवण लागते. उकडलेली अंडी, बिनहाडाचं शिजवलेलं चिकन, भात किंवा भाकरी, थोडा भोपळा किंवा गाजर असं अन्न चालतं. पण घरचं अन्न कायमचं द्यायचं असेल तर प्रमाण जनावरांच्या डॉक्टरकडून ठरवून घ्यावं. तयार खाद्य घ्यायचं असेल तर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी असलेलंच घ्यावं.

याचं कारण असं. मोठ्या जातीचं कुत्रं वर्ष-दीड वर्ष वाढत राहतं. या काळात गरजेपेक्षा जास्त खाऊन ते झपाट्याने वजनदार झालं तर हाडं तयार होण्याआधीच सांध्यांवर भार येतो. हाडं मजबूत व्हावीत म्हणून अनेकजण कॅल्शियमची पावडर किंवा सिरप घालतात. तयार खाद्यात कॅल्शियम आधीच असतं. वरून घातलेलं कॅल्शियम मोठ्या जातीच्या पिल्लाच्या हाडांचं नुकसान करू शकतं. डॉक्टरने सांगितल्याशिवाय ते देऊ नये.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा खायला द्यावं. वेळ ठरलेली ठेवावी. खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पिळ बसण्याचा धोका असतो आणि त्यात काही तासांत जीव जाऊ शकतो, म्हणून जेवल्यावर लगेच पळवू नये. कारवानच्या एकदोन फासळ्या दिसणं नैसर्गिक आहे. ती झाकायच्या नादात त्याला जाड करू नये.

कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होतात आणि ते आतड्यात रुततात. मटणाच्या रश्श्यातलं उरलेलं हाड कुत्र्याला टाकायची आपली सवय म्हणूनच मोडायला हवी.

लस

पिल्लांचा सर्वात मोठा शत्रू पारवो नावाचा रोग. उलट्या, रक्ताची हगवण आणि दोनतीन दिवसांत खेळ संपतो. सहा ते आठ आठवड्यांपासून लस सुरू करावी आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस द्यावा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, पुढचे डोस डॉक्टरच्या सल्ल्याने वेळच्या वेळी. जंताचं औषध लहान वयातच सुरू करावं लागतं. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. पहिल्या आठवड्यातच तिथं जाऊन पिल्लाचं कार्ड करून घ्यावं.

शिकवण

कुत्र्याचा स्वभाव घडण्याचा काळ फार लहान असतो, साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत. या काळात ज्या गोष्टी त्याने शांतपणे पाहिल्या, त्यांना ते पुढं घाबरत नाही. ट्रॅक्टर, मोटरसायकल, बैल, मेंढरं, लहान मुलं, पाहुणे, छत्री, हलगीचा आवाज हे सगळं थोड्या अंतरावरून दाखवावं. लस पूर्ण झाली नसेल तर कडेवर घेऊन दाखवावं, अनोळखी कुत्र्यांच्या जागेत खाली सोडू नये.

पहिला धडा नावाचा. नाव घेतलं की जवळ यायचं आणि काहीतरी चांगलं मिळायचं. नाव घेऊन कधी मारायचं नाही, नाहीतर ते हाकेला येणारच नाही. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा पुरे. बस, थांब, ये, सोड हे चार शब्द पक्के झाले की निम्मं काम झालं. घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरावेत.

कारवान नजरेने शिकार हेरणाऱ्या कुत्र्यांपैकी आहे. पळणारं काही दिसलं की त्याला मागची हाक ऐकू येत नाही. म्हणून मोकळं सोडायचं ते बंद कुंपणातच. असे कुत्रे ओरडण्याने आणि मारण्याने बिथरतात. त्यांना गोडीत शिकवलं तर लवकर शिकतात.

मोटरसायकलच्या मागं पळवून पिल्लू तयार करायची एक पद्धत गावाकडं आहे. वर्षभराच्या आतल्या पिल्लाला डांबरी रस्त्यावर असं पळवल्याने वाढणारी हाडं आणि पंजे खराब होतात. मऊ जमिनीवर त्याच्या मनाने खेळू देणं हा या वयातला पुरेसा व्यायाम.

शेवटची गोष्ट कायद्याची. शाहूंच्या काळात शिकार हा राजाचा छंद होता. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. कुत्रं सोडून ससा किंवा चिंकारा धरणं हा गुन्हा आहे, मग तो स्वतःच्या रानात केला तरी. माणदेशच्या माळावर लांडगे आणि चिंकारे अजून तग धरून आहेत, आणि मोकाट सुटलेलं शिकारी कुत्रं त्यांच्यासाठी मोठं संकट ठरतं.

पालखी नको, नेमणूक हवी

खंड्याची गोष्ट सांगताना लोकांना पालखी आठवते, पागोटं आठवतं. त्या सनदेतला महत्त्वाचा भाग मात्र जहागिरीचा होता. लाड एका दिवसाचा असतो, नेमणूक आयुष्यभराची. पिल्लू घरी आणणाऱ्या माणसाने वाढदिवसाचा केक कापला नाही तरी चालेल. पण रोजचं मोजून खाणं, वेळेवर लस, ऐन उन्हात सावली, रोजची पंधरा-वीस मिनिटं शिकवण, आणि आपण गावाला गेलो तर सांभाळणारा माणूस, एवढ्याची सोय आधी लावावी. ती लागत असेल तरच खरसुंडीच्या वाटेवरच्या एखाद्या वस्तीवर पिल्लू बघायला जावं.

आणि कधी साताऱ्याला जाणं झालं तर संगम माहुलीला थोडा वेळ काढावा. घाटावर राजाला नमस्कार करून झाला की चौथऱ्यावरच्या खंड्यालाही भेटून यावं.